चंदेरी झबल्यातला राउटर

मी एक जुना राउटर आहे. सध्या माझा मुक्काम एका अरुंद बोळात, मागच्या खोलीच्या दाराबाहेर, छत्र्या अडकवायच्या खुंटीवर आहे. जागा काही मानाची नाही. येताजाता कुणाचा तरी खांदा लागतो आणि मी थोडा वेळ झुलत राहतो. पण याच खुंटीवर मला माझी खरी ओळख पटली, म्हणून तिच्याबद्दल तक्रार करायची नाही असं मी ठरवलं आहे.

मित्रांनो, आधी माझं रूप सांगून टाकतो, म्हणजे हसायचं ते आत्ताच हसून घ्याल. मी काळा, चपटा, शाळेच्या वहीएवढा आहे. पाठीवर अँटेनाच्या दोन काड्या आहेत. एक ताठ आहे आणि दुसरी कमरेत मोडलेली, चिकटपट्टीने बांधलेली. पुढे सहा दिवे आहेत. त्यांतला पाचवा आजवर कधीच लागला नाही, आणि का लागला नाही हे मलाही माहीत नाही.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. तिथे रांगेत शेवटी एक बाई बसायच्या. त्या प्रत्येकाला वीज जोडायच्या, दिवे मोजायच्या आणि पाठीवर अंगठ्याने एक गोल चिकटी दाबून पुढे सरकवायच्या. माझ्यापाशी त्या क्षणभर थांबल्या होत्या, बहुधा त्या पाचव्या दिव्यामुळे. मग म्हणाल्या, "चालेल रे, काम तर करतोय." आणि चिकटी दाबली. ते शब्द मी जपून ठेवले आहेत. पुढे फार वर्षांनी ते कामाला आले.

मी या घरात आलो तेव्हा घरात चार माणसं होती, आणि अजूनही चारच आहेत. बाबा औषधांच्या दुकानात काम करतात. आई एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते आणि तिथल्या सहा संगणकांची दुखणीही काढते. त्यांची मुलगी घरात सगळ्यांत लहान, म्हणून तिला बारकी म्हणतात. आणि मागच्या खोलीत बाबांची थोरली बहीण, बारकीची आत्या, शिवणकाम करते. तिची मशीन एका भल्यामोठ्या लाकडी टेबलात बसवलेली आहे. ते टेबल सुताराने खोलीतच जोडलं होतं, त्यामुळे ते दारातून बाहेर निघत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझं काम तसं साधं आहे. बाहेरून तारेने येणारं इंटरनेट घरभर हवेत सोडायचं आणि घरातल्या प्रत्येक फोनला, प्रत्येक संगणकाला एकेक आकडी पत्ता नेमून द्यायचा, म्हणजे एकाचं टपाल दुसऱ्याकडे जात नाही. पुढच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटावर बसून मी ते इमानाने करायचो. पहिल्या दिवशी बाबा फोन हातात धरून घरभर फिरले आणि मागच्या खोलीतून ओरडले, "अगं, इथेसुद्धा येतंय!" आत्याने मशीन थांबवून माझ्याकडे बघायला पुढच्या खोलीपर्यंत चक्कर मारली. "एवढंसं आहे की," ती म्हणाली, "पण शिंगं छान आहेत." त्या कौतुकाने मी आठवडाभर फुगून होतो.

आता आत्याची एक सवय सांगायला हवी. तिला उघडी वस्तू बघवत नाही. या घरात मिक्सरला झबलं आहे, टीव्हीला झबलं आहे, दाराच्या घंटीलासुद्धा झालरीचं झबलं आहे. बाबा तिला चिडवायचे, "ताई, मी जास्त वेळ एका जागी बसलो तर मलाही शिवशील तू." आत्या म्हणायची, "तुझं माप आहे माझ्याकडे, काळजी करू नकोस." ज्या वस्तूवर तिचा जीव जडला तिला झबलं मिळायचंच. मला दोन वर्षं मिळालं नव्हतं आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटायचं.

मग एका दुपारी मिळालं. बाहेरून निळं फुलाफुलांचं सुती कापड आणि आतून चंदेरी अस्तर. तेच चकचकीत अस्तर, जे डब्याच्या पिशवीला आतून लावतात. बारकीच्या पिशवीतून उरलेलं कापड होतं ते. "याच्यावर खिडकीचं ऊन येतं," आत्या म्हणाली, "चंदेरी असलं की तापायचा नाही बिचारा." तिने खालून बटणं लावली, वायरींना जायला नेमकं भोक ठेवलं. माप अगदी अंगालगत होतं. माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी शिवलं होतं, मित्रांनो. मला फार आनंद झाला.

आणि त्या दिवसापासून माझी शक्ती सरली.

त्या अस्तरात धातूचा पातळ पापुद्रा असतो. मी बाहेर पाठवलेली हाक त्याला आपटून माझ्याच अंगावर परत यायची. जी थोडीफार निसटायची ती पुढच्या खोलीतच दमून जायची. वर ऊब आत कोंडायची आणि माझं डोकं भणभणायचं. मागच्या खोलीत मी पोचेनासा झालो. बोळात अडखळू लागलो. घरात कुरकूर सुरू झाली. बाबा वैतागून उठायचे, झबलं काढायचे, माझ्या डोक्यावर एक चापट मारायचे, आणि काय आश्चर्य, मी ठणठणीत चालायला लागायचो. "बघितलंस? याला अशीच भाषा कळते," ते म्हणायचे. मग ताईला वाईट वाटू नये म्हणून झबलं पुन्हा नीट चढवायचे, चारही बटणं लावायचे. तासाभरात माझं रडगाणं पुन्हा सुरू. तीन वर्षं हे असंच चाललं. त्यांना वाटायचं चापटीने गुण येतो. मला बोलता येत असतं तर मी एकच वाक्य बोललो असतो. अशाच एका चापटीत माझी काडी मोडली.

शेवटी बाबांनी हात टेकले. "म्हातारा झाला तो," ते म्हणाले. इंटरनेटवाला नवा राउटर घेऊन आला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, शिंगंबिंगं काही नाहीत. बाबा मला भंगारात द्यायला निघाले होते, पण आईने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. आईला सगळ्या वस्तूंना चिठ्ठ्या लावायची सवय आहे, ग्रंथालयातून लागलेली. कपाटाच्या तळच्या खणाला तिने 'लागेल तेव्हा' अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे. मी त्या खणात गेलो. माझं झबलं मात्र माझ्याबरोबर आलं नाही. आत्याने ते धुतलं, वाळवलं, चार बोटं उसवून मोठं केलं आणि नव्याला घातलं. "चांगलं कापड आहे, वाया कशाला घालवायचं," ती म्हणाली.

त्या खणात मी दोन वर्षं काढली. सोबतीला एक बिनकाट्यांचं घड्याळ, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या तीन किल्ल्या आणि वेटोळी झालेल्या वायरी होत्या. खण पुरता लागत नसे, त्यामुळे फटीतून घरातलं बोलणं ऐकू यायचं. मी म्हातारा झालो हे मीसुद्धा हळूहळू मान्य करून टाकलं. सगळे एकच गोष्ट सांगत असले की ती खरी वाटायला लागते.

त्या फटीतूनच मला आत्याची अडचण कळली. ती ज्या शिवणगृहासाठी बाह्या आणि कॉलर शिवायची ते बंद पडलं. गुडघ्यांमुळे तिला जिने चढणं होईना, म्हणजे बाहेर दुसरं काम धरणंही अवघड. तेवढ्यात दुसऱ्या शहरातल्या एका शिवणशाळेने विचारलं की घरी बसून, व्हिडिओवरून शिकवाल का? आत्याचा आवाज त्या दिवशी वेगळाच होता. चाळीस वर्षं तिने दुसऱ्यांचे कपडे शिवले होते. आता कुणीतरी तिच्याकडून शिकायला तयार होतं.

पण शिकवायचं तर मशीनपाशी बसून, आणि मशीन मागच्या खोलीतल्या त्या न निघणाऱ्या टेबलात. तिथे मोबाइलचं नेटवर्क येत नाही आणि नव्या पांढऱ्याचा आवाजही पोचत नव्हता. त्याची तार आखूड, त्यामुळे त्याला हलवताही येईना. पहिला चाचणीचा वर्ग मोडला. दुसऱ्यात आत्याने सुई दाखवायला हात वर केला आणि पडद्यावर तो हात तसाच वर राहिला, पंधरा मिनिटं. शाळेच्या मुख्य बाई सभ्य होत्या. त्यांनी फोन करून सांगितलं, "ताई, तुमचा हात चांगला आहे हे कळतंय. पण मुलींना दिसलंच नाही तर त्या शिकणार काय? गुरुवारी अकरा वाजता आणखी एकदा बघू. नाही जमलं तर मात्र मला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल."

त्या दुपारी मशीनचा आवाज आला नाही.

संध्याकाळी तळचा खण उघडला आणि माझ्या अंगावर उजेड पडला. आईने मला बाहेर काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, मोडक्या काडीला चिकटपट्टी गुंडाळली. "जुन्या राउटरला दुसरं काम देता येतं," ती म्हणाली. "पुढच्या पांढऱ्यापासून याच्यापर्यंत वायर ओढायची. मागच्या भागात हा हवेत सोडेल."

"तो म्हातारा?" बाबा म्हणाले.

"दिवे लागतायत त्याचे."

कारखान्यातल्या बाईंची आठवण झाली मला.

वायरीसाठी आत्याने आपल्या टेपने बोळ मोजला आणि बाबांना माप सांगितलं. बाबा बरोबर तेवढीच वायर घेऊन आले. ती ओढत नेली तर मागच्या खोलीच्या दारापाशी येऊन संपली. "मी सरळ माप दिलं होतं," आत्या म्हणाली, "वळणांना कापड सोडायचं असतं हे तुला एवढ्या वर्षांत कळू नये?" "ताई, मी गोळ्या विकतो, परकर नाही शिवत," बाबा म्हणाले. म्हणून मी खोलीत न जाता दाराबाहेर, या खुंटीवर अडकलो. दाराच्या एवढ्या जवळ आहे तर चालेल, असं आईने ठरवलं.

पहिला प्रयत्न फसला, आणि त्यात माझाच दोष होता. इतक्या वर्षांनी वीज अंगात आल्यावर मी जुन्या सवयीने पत्ते वाटायला सुरुवात केली. पुढे पांढराही वाटत होता. एकेका पत्त्यावर दोन-दोन जण येऊन बसले आणि घरातल्या सगळ्यांचं टपाल गोंधळलं. बारकीचा अभ्यास बंद, बाबांचा फोन बंद. "आधी निदान अर्धं घर तरी चालत होतं," बाबा म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई चिडली नाही. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयातून एका कागदावर सगळं लिहून घेऊन आली. माझ्या पाठीत टाचणी खुपसून तिने माझ्यातल्या जुन्या सूचना पुसल्या. मला नवा पासवर्ड दिला, नवं सॉफ्टवेअर भरलं. वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. आणि मग पडद्यावरच्या एका ओळीपुढची खूण काढून टाकली. पत्ते वाटणं बंद. ते काम आता फक्त पांढऱ्याचं. मी फक्त हाक पुढे न्यायची.

खोटं का बोलू, मला ते लागलं. पत्ते वाटणं हा माझा मान होता. पण खूण काढताच घर सुरळीत चालू लागलं, आणि मागच्या खोलीत आत्याच्या फोनवर चित्र आलं, स्वच्छ. आत्या कितीतरी वेळ नुसतं बघत राहिली. मग बाहेर येऊन तिने माझ्या बांधलेल्या काडीवरून बोट फिरवलं. "आलास का रे परत," ती म्हणाली. माझा मानापमान तिथेच संपला.

तो बुधवार होता. मित्रांनो, आता पुढे काय झालं असेल, ओळखलंच असेल तुम्ही. ज्याच्यावर आत्याचा जीव जडतो त्याला ती उघडं ठेवत नाही. गुरुवारी सकाळी, सगळे आपापल्या कामाला गेल्यावर, ती माझ्यापुढे आली तेव्हा तिच्या हातात नवं झबलं होतं. पिवळं, बारीक ठिपक्यांचं, आतून चंदेरी. "आज आपला दिवस आहे," ती म्हणाली. "नीट तयार होऊन बसू दोघंही." तिने नवी साडी नेसली होती. चारही बटणं तिने हलक्या हाताने लावली. मला ओरडावंसं वाटत होतं. अंधार झाला.

अकरा वाजले. मी असेल नसेल तेवढी शक्ती लावली. मध्ये अस्तर, मग भिंत, आणि माझी एक काडी मोडकी. आतून आत्याचा आवाज येत होता. ती गोलाईला अस्तर कसं लावायचं ते शिकवत होती. दहा मिनिटांत मुख्य बाईंचा तुटक आवाज आला, "ताई, चित्र पुसट... टाका दिसत नाहीये..." "नमुना छोटा आहे म्हणून असेल," आत्या म्हणाली. "थांबा जरा. माझ्याकडे मोठा आहे, त्यात नीट दिसेल."

तिच्या चपला दाराकडे आल्या. तिने माझी बटणं काढली, झबलं उतरवलं आणि आत घेऊन गेली.

माझी हाक सुटली ती भिंतीपलीकडे गेली. "अहो ताई," मुख्य बाई म्हणाल्या, "आता टाका न टाका दिसतोय. काय केलंत?" "मोठा नमुना आणला," आत्या म्हणाली. तिने गोलाई दाखवली, अस्तर उलटून दाखवलं, मुलींनी प्रश्न विचारले. मग वस्तू जिथली तिथे ठेवायच्या शिस्तीने ती बाहेर आली आणि झबलं पुन्हा मला घातलं. आत जाऊन बसते तोच चित्र थिजलं.

पुन्हा चपलांचा आवाज आला. या वेळी अगदी सावकाश. आत्याने झबलं काढलं आणि आत कान दिला. मुख्य बाईंचा आवाज स्वच्छ येत होता. तिने झबलं माझ्यावर नुसतं धरलं. आवाज तुटला. काढलं. आवाज आला. ती दारात उभी राहिली, हातात ते पिवळं कापड. मग तिने बोळाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं, जिथे पुस्तकांच्या कपाटावर पांढरा निळं झबलं घालून बसला होता. ते झबलं आधी कुणाचं होतं हे तिला आठवलं असावं. "म्हणजे तेव्हासुद्धा," ती हळूच म्हणाली, "तेव्हासुद्धा मीच." तिचे डोळे भरून आले होते.

आत फोनच्या पडद्यावर आठ मुली आणि एक मुख्य बाई थांबल्या होत्या. आत्या आत गेली, खुर्चीत बसली. मला वाटलं आता ती काहीतरी सबब सांगेल. तिने टाके उसवायचं छोटं हत्यार उचलल्याचा आवाज आला.

"मुलींनो," ती म्हणाली, "हे मी काल शिवलं. टाका चांगला आहे, माप बरोबर आहे. पण हे अस्तर जिथे लावायला नको होतं तिथे मी लावलं. ज्याच्यासाठी शिवलं त्याचाच जीव घुसमटला. माझ्या लक्षातही आलं नाही, आणि आजचं नाही हे, खूप वर्षांचं आहे. तर आता बघा, उसवायचं कसं. कापड न फाटता, एकेक टाका सोडवत. शिवण्याइतकंच हेही यायला हवं."

आणि तिने उसवलं. मी बाहेर खुंटीवर होतो. एकेक टाका तुटल्याचा बारीक आवाज मी सगळ्या मुलींपर्यंत पोचवला, एकही न गाळता. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत चांगलं काम आहे.

शेवटी मुख्य बाई म्हणाल्या, "सोमवारपासून या. अकरा वाजता. पहिला धडा हाच घ्या, उसवण्याचा."

संध्याकाळी आत्याने सगळ्यांना बसवून सांगितलं. काही लपवलं नाही. बाबा मान खाली घालून ऐकत होते. बहुधा त्यांना त्यांच्या चापटी आठवत होत्या. नंतर ते बोळात आले, इकडेतिकडे कुणी नाही असं बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. फक्त ठेवला. नव्याचंही झबलं निघालं. त्याचा आवाज आता बोळाच्या मध्यापर्यंत येतो, पण त्याला शिंगं नाहीत, मागच्या भिंतीपुढे त्याचं काही चालत नाही. तिथून पुढे मी. चंदेरी अस्तराची बारकीला डब्याची पिशवी झाली, आणि पिवळं कापड घडी करून माझ्या पाठीमागे भिंतीला लावलं आहे, झुललो तरी ओरखडा उठू नये म्हणून.

मित्रांनो, मी फार शिकलेला नाही, पण एक विनंती करतो. तुमच्या घरातली एखादी वस्तू मंदावली, किंवा एखादं माणूस गप्प झालं, तर ते जुनं झालं असं लगेच म्हणू नका. त्याला चापटही मारू नका. आधी त्याच्यावर आपण काय घातलं आहे ते काढून बघा, मग ते कितीही मायेनं शिवलेलं असो. आणि आपलंच चुकलं असं दिसलं तर आत्यासारखं सगळ्यांसमोर उसवा.

काल आई नवी चिठ्ठी घेऊन आली. खणावर 'लागेल तेव्हा' लिहिलं होतं, तसंच तिचं गोल अक्षर. तिने ती माझ्या सहा दिव्यांखाली, बंद असलेल्या पाचव्याच्या बरोबर खाली चिकटवली. चिठ्ठीवर एकच शब्द आहे. 'लागतो'.